धाग्याच्या वेटोळ्यांतले स्वावलंबन

श्रीहरिकोटा येथून १८ मे २०२५ रोजी झेपावलेल्या पीएसएलव्ही-सी६१ या प्रक्षेपकाच्या तिसऱ्या टप्प्यातील मोटारीचा दाब अचानक घसरला आणि ईओएस-०९ हा उपग्रह गमवावा लागला. त्यानंतर १२ जानेवारी २०२६ रोजी सी६२ या उड्डाणातही तिसऱ्याच टप्प्याच्या अखेरीस बिघाड झाला. या अपयशांची कारणमीमांसा करणे हे तज्ज्ञांचे काम असून त्याबाबत तर्कवितर्क लढविण्यात अर्थ नाही. मात्र या निमित्ताने, एरवी चर्चेत न येणाऱ्या एका तंत्राकडे लक्ष वेधणे अगत्याचे ठरते. पीएसएलव्हीच्या या टप्प्याचे कवच पोलादाचे नसते. केव्हलार या कृत्रिम तंतूचा धागा राळेत भिजवून, साच्याभोवती गुंडाळून ते तयार केले जाते. ‘फिलामेंट वाइंडिंग’ या नावाने ओळखले जाणारे हे तंत्र आज अंतराळापासून थेट स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचले आहे.

तंत्राचे मूळ सूत्र सोपे आहे. एक दंडगोल साचा फिरत राहतो, त्याच्या लगत धागा सोडणारी गाडी पुढेमागे सरकते आणि ठरावीक कोनात, ठरावीक ताणाने धाग्याचे थर एकावर एक बसत जातात. नंतर भट्टीत राळ घट्ट केली जाते. बंद दंडगोलात वायू भरला असता परिघाच्या दिशेने पडणारा ताण लांबीच्या दिशेने पडणाऱ्या ताणाच्या दुप्पट असतो. पोलाद सर्व दिशांना सारखेच बळकट असल्याने त्यातील एका दिशेचे बळ वाया जाते. धाग्याच्या बाबतीत मात्र जिथे ताण, तिथेच बळ देता येते. सुमारे ५५ अंशांच्या कोनात गुंडाळलेला धागा दोन्ही ताण नेमके पेलतो. वजन कमी आणि ताकद अधिक, असा दुहेरी लाभ मिळतो तो यामुळेच.

साहजिकच हे तंत्र सर्वप्रथम क्षेपणास्त्रे बनविणाऱ्यांच्या नजरेत भरले. आणि म्हणूनच ते इतरांच्या हाती पडू नये यासाठी कुंपणेही घातली गेली. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेच्या यादीत तीन वा अधिक अक्षांवर चालणारी गुंडाळणी यंत्रे आहेत. भारताच्या १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर उभ्या राहिलेल्या अणुपुरवठादार गटाच्या यादीतही अशा यंत्रांचा समावेश आहे, कारण युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजची नळकांडी याच पद्धतीने बनविता येतात. एका परीने पाहता, जे यंत्र गॅसची टाकी विणते तेच अण्वस्त्राची वाट मोकळी करू शकते. या कुंपणाबाहेर असतानाच भारताने हे तंत्र आत्मसात केले. १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत नेणाऱ्या एसएलव्ही-३ च्या वरच्या टप्प्यांची कवचे कंपोझिटची होती. त्या प्रकल्पाचे प्रमुख डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी तत्पूर्वी याच क्षेत्रात काम केले होते. जून २०१६ मध्ये भारत क्षेपणास्त्र नियंत्रण व्यवस्थेचा सदस्य झाला. अणुपुरवठादार गटाचे दार मात्र उघडलेले नाही.

आता या तंत्राला नागरी बाजारपेठ लाभली आहे. इंडियन ऑइलने २०२१ मध्ये बाजारात आणलेला कंपोझिट सिलिंडर हे त्याचे ठळक उदाहरण. आत प्लॅस्टिकचे अस्तर, त्यावर काचतंतूचे वेढे आणि बाहेर प्लॅस्टिकचे आवरण असलेला हा सिलिंडर पोलादी सिलिंडरच्या जवळपास निम्म्या वजनाचा आहे. चौथ्या मजल्यावर सिलिंडर चढविणाऱ्या गृहिणीला वा गॅसवाल्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. या उत्पादनात मुंबईस्थित टाइम टेक्नोप्लास्टसारखी कंपनी आहे, तर देशातील गॅस सिलिंडरना मान्यता देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे.

खरी कसोटी आहे ती हायड्रोजनची. ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेस मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे लक्ष्य आहे. परंतु हायड्रोजन वाहनात भरायचा तर ३५० किंवा ७०० बार इतक्या दाबाची टाकी हवी. सीएनजीचा दाब साधारण २०० बार असतो, हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळतो. इथे काचतंतू पुरा पडत नाही, कार्बन तंतू लागतो आणि टाकीच्या खर्चातील सर्वांत मोठा वाटाही त्याचाच असतो. या उच्च प्रतीच्या तंतूच्या बाबतीत जपानची तोरे कंपनी जगात आघाडीवर आहे. भारत मात्र मुख्यतः आयातीवर विसंबून आहे. टाकी देशी आणि धागा परदेशी, अशा स्वावलंबनाला कितपत अर्थ उरतो?

दुसरा प्रश्न याहून नाजूक आहे. पोलादी सिलिंडर आपटला तर पोचा दिसतो. कंपोझिटमध्ये वरून काहीच दिसत नाही, पण आतले थर सुटलेले असू शकतात. जून २०२३ मध्ये टायटॅनिकचे अवशेष पाहण्यास निघालेली ‘टायटन’ ही पाणबुडी अटलांटिकच्या खोल पाण्यात चिरडली गेली आणि पाच जणांचा बळी गेला. तिचे कवच कार्बन तंतूंच्या थरांचे होते. धागा ओढ उत्तम सहन करतो, बाहेरून येणारा दाब नव्हे. दाबाखाली भार राळेवर आणि थरांच्या सांध्यांवर येतो. अमेरिकी चौकशीत या कवचात सुरकुत्या व पोकळ्या आढळल्या. १५ जुलै २०२२ च्या फेरीनंतर मोठा आवाज झाला होता, तरीही पाणबुडी वापरात राहिली. कोणत्याही स्वतंत्र संस्थेचे प्रमाणपत्र तिला नव्हते. तो अपघात टाळता आला असता, असा निष्कर्ष अमेरिकी तटरक्षक दलाच्या चौकशी मंडळाने ऑगस्ट २०२५ मध्ये काढला.

या घटनेतील बोध महत्त्वाचा आहे तो तिच्या चौकशीमुळे. ती उघडपणे झाली, साक्षी जाहीर झाल्या, अहवाल जगापुढे आला. त्यातून इतरांना शिकता आले. याउलट, सी६१ च्या अपयशाचा अहवाल सी६२ च्या उड्डाणापूर्वी जनतेसमोर आला नव्हता. संरक्षणविषयक गोपनीयतेची गरज कोणी नाकारणार नाही. मात्र हेच तंत्र उद्या लाखो घरांत आणि बसगाड्यांत वापरले जाणार असेल, तर बिघाडांची नोंद, ध्वनिलहरी व क्ष-किरणांद्वारे तपासणी आणि उत्पादकाहून स्वतंत्र अशी प्रमाणन यंत्रणा यांना पर्याय नाही. शिवाय कार्बन तंतूच्या देशी उत्पादनाला दीर्घकाळ पाठबळ द्यावे लागेल.

निर्बंधांच्या काळात भारताने धागा गुंडाळण्याची कला साधली, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण गुंडाळलेल्या थरांत काय दडले आहे, हे वेळीच पाहणे आणि ते सांगण्याचे धाडस दाखविणे, ही त्यापुढची पायरी आहे. ती चढल्याखेरीज या तंत्रावर सामान्य ग्राहकाचा विश्वास बसणार नाही.