‘आमच्याकडे होत नाही’ हे उत्तर नव्हे

सॉफ्टवेअरच्या तक्रारींवर एक शिक्का हमखास बसतो: ‘रिप्रोड्यूस होत नाही’. म्हणजे तुम्ही सांगता तो बिघाड आम्हाला आमच्या मशीनवर घडवून पाहता आला नाही, सबब तक्रार बंद. प्रोग्रॅम दर वेळी बंद पडत असेल तर तो संध्याकाळपर्यंत दुरुस्त होतो. कधीमधी बंद पडणारा मात्र वर्षानुवर्षं तसाच राहतो, आणि ज्याचं काम त्यात बुडतं त्याला ‘तुमचंच काहीतरी चुकत असेल’ हेही वर ऐकावं लागतं. बंद पडणाऱ्या प्रोग्रॅमांची कारणं शोधणं हाच माझा पुण्यातला रोजचा उद्योग आहे. हा शिक्का वापरातून काढून टाकला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

उदाहरण मजकूर लिहायच्या एका साध्या एडिटरचं देते. मराठी पुस्तकांची मुद्रितं तपासणाऱ्या एक बाई तो वापरत. चालता चालता तो मधेच बंद पडे आणि शेवटच्या दुरुस्त्या जात. त्यांची तक्रार केव्हाच ‘बंद’ झाली होती. एडिटरचा सोर्स कोड खुला होता म्हणून मी तो पाहायला घेतला, पण कोड उघडण्याआधी बाईंना फोन केला. कधी होतं हे, असं विचारलं.

“अहो, नेम नाही त्याचा,” त्या म्हणाल्या. “पण कविता तपासताना कधी नाही पडला. लेख असला, प्रकरण असलं, की पडतो. इंग्रजी पत्र टाइप करताना तर कधीच नाही.” मग जरा संकोचून म्हणाल्या, “हसू नका हं, पण परत उघडून सुरुवातीला एखाद-दुसरी स्पेस दिली ना, की चालतो.”

हसण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. पुरा पंचनामा त्या चार-पाच वाक्यांत होता.

संगणक आज मजकूर बहुतेक ठिकाणी ज्या पद्धतीने साठवतो ती यूटीएफ-८, केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली आखलेली. तीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, अनुस्वार यांनाही प्रत्येकी तीन. ‘पुणे’ म्हणजे प, उकार, ण, मात्रा: चार चिन्हं, बारा बाइट. स्पेस आणि पूर्णविराम मात्र एकेकच बाइटाचे. आता हा एडिटर शुद्धलेखन तपासणाऱ्या भागाकडे मजकूर ४०९६ बाइटांचे तुकडे करून पाठवायचा. ४०९६ ला तीनने नि:शेष भाग जात नाही, आणि मधल्या स्पेसा-विरामांमुळे काप कधी अक्षराच्या कडेला पडायचा, कधी अक्षराच्या पोटात. पोटात पडला की तुकड्याच्या टोकाला अर्धवट अक्षर उरे. त्याचा पहिला बाइट सांगतो की ‘माझ्यामागे आणखी दोन आहेत’, म्हणून तपासणारा भाग ते दोन उचलायला तुकड्याच्या पलीकडे हात घाली.

पलीकडे बहुतेक वेळा दुसरं काहीतरी पडलेलं असतं. ते वाचलं जाई, एखादा शब्द उगाच चुकीचा ठरे, काम पुढे चाले. पण ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीही सहसा ४०९६ बाइटांच्या पानांनीच वाटते. तुकडा नेमका पानाच्या शेवटी संपला आणि पुढचं पान कुणालाच दिलेलं नसलं, तर सिस्टिम त्या प्रोग्रॅमला तिथल्या तिथे बंद करते. म्हणून ‘कधी कधी’. कविता एका तुकड्यात मावते, ती कापलीच जात नाही. इंग्रजी अक्षर एकाच बाइटाचं, ते दुभंगणार कुठून? आणि सुरुवातीला एखाद-दुसरी स्पेस दिली की घात करणारा काप एक-दोन बाइट सरकून अक्षराच्या कडेवर येतो. बाईंच्या उपायात तथ्य होतं.

मग अ‍ॅड्रेस सॅनिटायझर हे साधन लावून एडिटर नव्याने बांधला. हे साधन मेमरीच्या प्रत्येक तुकड्याभोवती मज्जाव असलेली पट्टी आखतं आणि तिला स्पर्श झाला की प्रोग्रॅम थांबवून कोडमधली ओळ दाखवतं. बाईंनी पाठवलेलं प्रकरण उघडलं आणि ओळ समोर आली. कापण्याआधी अक्षराच्या सुरुवातीपर्यंत मागे यायचं, एवढीच दुरुस्ती.

इथे नुकसान एका एडिटरपुरतंच होतं, म्हणून कुणी हे किरकोळ समजू नये. थेरॅक-२५ हे कॅनडात बनलेलं किरणोपचाराचं यंत्र. १९८६ च्या मार्चमध्ये अमेरिकेत टेक्ससमधल्या टायलर इथे त्याने एका रुग्णाला प्रचंड मात्रा दिली. पडद्यावर फक्त ‘मालफंक्शन ५४’ एवढंच उमटलं. कंपनीच्या अभियंत्यांनी तपासलं, त्यांच्याकडे ते काही घडेना, आणि यंत्र पुन्हा सुरू झालं. एप्रिलमध्ये दुसरा रुग्ण भाजला. दोघेही पुढे दगावले. कारण शोधलं ते रुग्णालयातल्या भौतिकतज्ज्ञाने, यंत्र चालवणाऱ्या ऑपरेटरला शेजारी बसवून. पडद्यावरची चुकलेली नोंद ती सराईत बोटांनी झटकन दुरुस्त करी, आणि आठ सेकंदांच्या आत झालेला तो बदल यंत्राच्या सगळ्या भागांपर्यंत पोचतच नसे. अभियंते सावकाश टाइप करत होते. ‘रिप्रोड्यूस होत नाही’ हे वाचताना मला दर वेळी त्या ऑपरेटरची आठवण येते, कारण गुरुकिल्ली तिच्या हातात होती.

भारतीय भाषा वापरणाऱ्यांच्या बाबतीत हे आणखी जाचक आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये एका तेलुगू जोडाक्षराने आयफोनवरची अ‍ॅप्स बंद पडत होती, अ‍ॅपलला तातडीने दुरुस्ती पाठवावी लागली. देवनागरी आणि बंगालीतल्या काही विशिष्ट जोडण्यांनीही तेच होतं, हे नंतर उलगडलं. कोट्यवधी लोकांच्या लिपी बाजारात येण्याआधी नीट तपासल्या गेल्या असत्या, तर हे आधी कळलं असतं. पुण्यात, हिंजवडीत बसून मराठी माणसं जगभरची सॉफ्टवेअरं तपासतात, आणि चाचणीसाठी मजकूर भरतात तो इंग्रजी. हे मला खरोखर खटकतं. पानभर मराठी गद्य चाचणीत घालायला खर्च शून्य आहे.

तक्रार करणाऱ्यांनाही माझी विनंती आहे. फाइल जशीच्या तशी जपून ठेवा, तिची प्रत तक्रारीला जोडा. शेवटी बोट कुठल्या कळीवर होतं ते लिहा. काय केलं की बिघाड टळतो, हेही लिहा, तुम्हाला ते कितीही खुळचट वाटो. आणि आमच्या बाजूने, कारण सापडेपर्यंत तक्रार उघडी राहू द्या. कंपनीच्या तक्त्यात तो आकडा वाईट दिसेल. दिसू दे.