मन मोकळं करा, गणवेशात

भाचीच्या शाळेत सातवीच्या वर्गातलं छताचं प्लॅस्टर कोसळलं. दोघांना टाके पडले, बाकीचे निभावले. मग पालकांच्या ग्रुपवर सूचना आली : 'शनिवारी समुपदेशन. पाचवी ते दहावी. गणवेश सक्तीचा.' म्हणजे मन मोकळं करायचं ते टाय बांधून!

ताईला सुट्टी नव्हती, म्हणून मी गेलो. दीपप्रज्वलन झालं, पंख्याखाली समई विझली, पुन्हा झालं. समुपदेशक बाईंना विश्वस्तांच्या हस्ते शाल-श्रीफळ. मग विश्वस्तांनाही, कारण एक शाल उरली होती. विश्वस्त शाळेच्या स्थापनेपासून बोलले, फक्त छताला बगल दिली.

बाईंच्या वाट्याला उरली शेवटची वीस मिनिटं. बाई जाणत्या होत्या. "ज्यांना बोलावंसं वाटत नाही, त्यांनी बोलू नका," म्हणाल्या. तेवढ्यात सूत्रसंचालक सर माइक घेऊन सातवीच्या रांगेत. "काय रे, घाबरला होतास का? सांग सगळ्यांना." पोरगा म्हणाला, "नाही सर." टाळ्या.

सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना निदान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलंय. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ठळक लावायलाही सांगितलंय. इथे तो लागलाय, ट्रॉफींच्या कपाटामागे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेतही बाई म्हणाल्या तेच आहे : संकटातून आलेल्याला बोलायला भाग पाडू नका, त्याला काय हवंय ते विचारा.

ते विचारलं शिपाई मावशींनी. सातवीची पोरं आता ग्रंथालयात बसतात आणि तास सुरू असताना वरच बघत राहतात, असं भाची सांगते. मावशींनी एकाला विचारलं, "काय बघतोस रे बाबा?" त्यानं बोट वर केलं. दुसऱ्या दिवसापासून प्रार्थना झाली की मावशी जळमटं काढायची लांब काठी घेऊन येतात आणि पोरांदेखत कोपरान् कोपरा ठोकतात. "ऐकलात ना आवाज? भरीव आहे. बसा आता." पोरं बसतात. भाची तर कुठं ठोकायचं राहिलं तेही दाखवते.

परवा ऑफिसातून मावशींना लेखी ताकीद मिळाली : छताला काठी लावू नये, प्लॅस्टर निघतं.