नांवाचा ठावठिकाणा

आमच्या नाशकांत रामकुंडावर आलेला परगांवचा यात्रेकरू आपलें आडनांव व मूळ गांव सांगतो, आणि कोणीतरी त्याला त्याच्या कुळाच्या तीर्थोपाध्यायांकडे पोंचवितो. तेथें वही उघडते व आजा-पणजांचीं नांवें निघतात. सगळ्या वह्या एकाजवळ नसतात. पण कोणाची वही कोणाकडे, हें ठाऊक असतें. संगणकांच्या नांवांची व्यवस्था अशीच आहे. पूर्वीं सर्व यंत्रांची एकच यादी कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत ठेवीत. ती पुरेनाशी झाली, तेव्हां १९८३ मध्यें पॉल मोकापेट्रिस यांनीं वह्या वांटून ठेवण्याची 'डीएनएस' ही पद्धति मांडली.

हें सांगण्याचें कारण घरगुती आहे. हल्लीं एकाच घरांत मुलाचा विंडोज, सुनेचा मॅक, नातवाचा लिनक्स व सर्वांचा मिळून एक प्रिंटर असा मिश्र परिवार नांदतो. आजोबांना निवृत्तिवेतनाचा कागद छापावयाचा असतो, आणि नेमका तेव्हांच संगणक म्हणतो, 'या नांवाचें यंत्र सांपडत नाहीं.' मग चांगला प्रिंटर अडगळींत जातो व नव्याचा खर्च अंगावर पडतो. अपराध नांवाचा आणि शिक्षा यंत्राला, हा न्याय नव्हे.

तेव्हां प्रथम नांव सोडून अंकांनीं हांक मारावी. प्रत्येक यंत्राला राउटर १९२.१६८.१.२० असा अंक देतो. त्या अंकावर कागद छापला गेला, तर यंत्र व वायफाय दोन्ही निर्दोष, दोष नांवाचाच. अंकालाही उत्तर न आल्यास एखादें यंत्र 'पाहुण्यां'साठीं ठेवलेल्या वायफायवर तर नाहीं ना, तें पाहावें.

नांवाचा दोष तीन प्रकारचा. पहिला हांकेचा. वाड्याच्या चौकांत उभें राहून हांक मारावी तशीं हीं यंत्रें घरांत नांव पुकारतात. पण जुन्या विंडोजची हांक निराळी, मॅकची निराळी. मॅक व लिनक्स वापरतात ती 'एमडीएनएस' पद्धति २०१३ मध्यें प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली व विंडोज १० च्या काळापासून विंडोजलाही कळूं लागली. म्हणून नांवापुढें 'डॉट लोकल' जोडून पाहावें.

दुसरा चुकीच्या वहीचा. कोणी संगणकाला प्रत्येक नांव गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्यावर विचारावयास सांगून ठेवतो. जगाचा ठिकाणा तेथें लागेल; आपल्या माजघरांतील प्रिंटर त्या वहींत कोठून असणार? घरचें नांव घरच्या राउटरलाच विचारावें.

तिसरा शिळ्या नोंदीचा. राउटर नवा अंक देतो, संगणक जुनाच स्मरतो. यास्तव राउटरमध्यें प्रिंटरचा अंक कायमचा राखून ठेवावा.

नांवें भिन्न, रोमन लिपींत व १५ अक्षरांच्या आंत असावींत. नांवें व अंक एका कागदावर लिहून तो कपाटाच्या दाराला आंतून चिकटवावा, असें आम्ही सुचवितों. मुलें पुण्यामुंबईस गेल्यावर घरीं उरलेल्या वडील माणसांस तीच घरची वही उपयोगी पडेल.