साहेब, थायमिन दिलं का?

दोस्तहो, दारुड्याला पाहून आपणही हसतो. म्हणून आधी आपल्यालाच विचारतो.

माहा मामा यवतमाळात जिनिंगवर हमाल. दिवसा रुईच्या गाठी, रात्री मोहाची. भाकर पोटात जाईचना. एक दिवस म्हणे, "मले दोन-दोन दिसून राह्यलं बापा." पाय भेलकांडत होते, बुबुळं थरथरत होती. दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं लांबूनच सांगितलं, "प्यायलाय, उतरेल." वस्तीचं नाव ऐकल्यावर तर खात्रीच पटली. मामी ओरडून सांगत होती, चार दिवसांपासून थेंब नाही, नुसत्या ओकाऱ्या. ऐकतो कोण? ग्लुकोजची बाटली लावली आणि मोकळे झाले.

मामा जगला. पण सकाळी भेटलेला माणूस दुपारी त्याला आठवत नाही. मेलेल्या आईला हाका मारतो. काही विचारलं तर न घडलेलं रचून सांगतो.

आम्हीही म्हटलं, दारूनं डोकं गेलं. अर्धंच खरं! डोकं गेलं थायमिन, म्हणजे बी-वन जीवनसत्त्व संपल्यानं. दारू भूक मारते, खाल्लेल्यातलं थायमिनही आतड्याला नीट शोषू देत नाही. शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांचा. त्याच्याशिवाय मेंदूला साखर वापरता येत नाही. अशा वेळी नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही खर्च होतं.

कार्ल व्हेर्निके या जर्मन डॉक्टरनं हा आजार १८८१ साली लिहून ठेवला. त्याच्या तीन रोग्यांपैकी दोघे दारुडे, तिसरी अ‍ॅसिड पिऊन उलट्यांनी खंगलेली शिवणकाम करणारी पोरगी. म्हणजे पाप-पुण्याचा प्रश्नच नाही. उपाशी मेंदूचा आजार आहे हा. गरोदरपणी उलट्या थांबत नाहीत त्या बाईलाही होतो.

उपाय? शिरेतून थायमिनचं इंजेक्शन, ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत. औषध स्वस्त आहे. वेळेत दिलं तर डोळे काही तासांत, दिवसांत सुधारू लागतात. उशीर झाला की गेलेली आठवण बहुधा परत येत नाही.

नदीपलीकडं वर्ध्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. आपल्या बायाही इथं बंदी मागतात. बरोबरच मागतात. पण आज जो भेलकांडतो त्याचं काय?

बावीस प्रतिज्ञांत दारू सोडणं आहे, तशी दयाही आहे. आपण एकच पाठ केली का?

उद्या वस्तीत कुणी असा दिसला तर हसू नका. उचला, दवाखान्यात न्या. आणि हटून विचारा: साहेब, थायमिन दिलं का?

मामाच्या वेळी हे विचारणारा कुणी नव्हता. मीही नव्हतो.