कोविदार कीं देवदार?

शब्दकोडें सोडविणें हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे असें ज्यांचें मत असेल त्यांनीं हा लेख खुशाल वगळावा. आमच्या घरीं तो रविवारचा नित्यनेम आहे. आम्ही साताऱ्यास व आमची भाची सांगलीस. एकच पुरवणी दोन्ही घरीं येते, आणि सायंकाळीं दूरध्वनीवरून अडलेल्या चौकटींची देवाणघेवाण होते. मागें अशाच एका कोड्यांत चार अक्षरांच्या आडव्या शब्दाला ‘एक झाड’ एवढेंच सूत्र होतें. उभ्या शब्दांनीं शेवटचीं दोन अक्षरें, ‘दा’ आणि ‘र’, हातीं दिलीं. पहिल्या दोन चौकटींना मात्र कोणताच उभा शब्द छेदीत नव्हता. भाचीनें ‘देवदार’ लिहिलें. आम्हींही तेंच लिहिलें. पुढच्या रविवारीं उत्तर छापून आलें तें ‘कोविदार’.

कोविदार म्हणजे कांचन. शब्द खरा आहे, सुंदर आहे, संस्कृतांत प्रतिष्ठित आहे. त्याच्याशीं आमचें भांडण नाहीं. परंतु देवदार हेंही झाडच, त्याचींही अक्षरें चार, आणि शेवट ‘दार’च. मग एक बरोबर व दुसरें चूक कां? तर कोडें रचणाराच्या मनांत पहिलें होतें म्हणून! “मामा, माझं चुकलं कुठं?” असें भाचीनें विचारलें, आणि तिच्या मामाला उत्तर देतां आलें नाहीं. ह्यापुढें आपण इंग्रजी कोडींच सोडविणार, असें तिनें जाहीर केलें.

हा एका मुलीच्या रुसव्याचा प्रश्न आहे असें कोणी म्हणेल, तर हाच प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढें एकदां येऊन गेला आहे हें त्यानें ध्यानीं घ्यावें. स्वातंत्र्याच्या आगेंमागें बक्षिसी शब्दकोड्यांचा मोठा बाजार आपल्याकडे भरला होता. प्रवेशफी भरावयाची, दोन-तीन शब्द सारखेच बसतील अशा जागीं एक निवडावयाचा, आणि आयोजकानें आधींच मोहोरबंद करून ठेविलेल्या उत्तराशीं तो जुळला तर बक्षीस! बंगलोरच्या ‘स्पोर्टिंग स्टार’ पत्रांतून अशा स्पर्धा चालविणाऱ्या चमारबागवाला यांचा मुंबई राज्याशीं चाललेला खटला १९५७ सालीं ह्या न्यायालयांत निकालांत निघाला. यश जर केवळ आयोजकाच्या पूर्वनिश्चित उत्तराशीं जुळण्यावर अवलंबून असेल, तर ती कौशल्याची परीक्षा नसून जुगार होय, हा त्या निकालाचा आशय. त्याच्या दोन वर्षें आधीं, १९५५ च्या कायद्यानें, महिन्याकांठीं एक हजार रुपयांवर बक्षिसें देणाऱ्या अशा स्पर्धांना बंदी झालीच होती. आमच्या पुरवणीचें कोडें बिनबक्षिसी, त्यामुळें त्याला कायद्याची बाधा नाहीं. पण ‘एक झाड’ म्हणून सांगावयाचें व दोन झाडांपैकीं आपलेंच खरें म्हणावयाचें, हा त्याच जातीचा खेळ आहे. येथें पैशाऐवजीं तरुण मुलांची मराठीवरील माया पणास लागते, एवढाच काय तो फरक.

आमच्या तक्रारीवर एक ठरीव उत्तर मिळतें : दुर्मिळ शब्द कोड्यांतून दिले नाहींत तर ते मरतील. आम्ही दुर्मिळ शब्दांचे वैरी नाहीं. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे १९३२ ते १९३८ ह्या काळांत निघालेले सात विभाग आमच्या कपाटांत शोभेसाठीं ठेविलेले नाहींत. परंतु शब्द कोशांत गेला म्हणजे तरला, असें ज्यांस वाटतें त्यांनीं ऑगस्ट २०१९ मधील कृष्णेचा महापूर ओसरल्यावर सांगलीचें नगरवाचनालय पाहावयास हवें होतें. पिढ्यांनीं जमविलेल्या ग्रंथांचा लगदा झाला होता. शब्द राहतो तो माणसांच्या डोक्यांत, आणि तेथें तो छडी मारून बसवितां येत नाहीं. ह्या कोड्यानें किती जणांच्या तोंडीं ‘कोविदार’ बसविला? आमच्या घरीं तरी त्याचा उच्चार रागानेंच होतो.

दुसरा पक्ष म्हणतो, कोडीं रोजच्या बोलींतलीं, सोपीं असावींत. तोही आम्हांस मान्य नाहीं. पाण्याच्या पेल्याला तीन अक्षरी शब्द विचारून सुशिक्षितांचा रविवार कां घालवावा? अवघड शब्द द्यावा, अगदीं कोणी न ऐकलेला द्यावा. पण त्याच्याकडे जाण्याची वाट सूत्रांतच असावी. गूढ शब्दकोड्याची हीच रीत आहे. त्यांतील सूत्राच्या एका टोकाला अर्थ असतो, दुसऱ्या टोकाला शब्दाची घडण असते, आणि दोन्हीं वाटा एकाच शब्दापाशीं येतात. ‘षड्जामागून तारका आली, शाहूंची राजधानी झाली’, अक्षरें तीन. ‘सा’ आणि ‘तारा’, आमचें गांवच! आतां तोच अप्रिय कोविदार घ्या : ‘विद्वानानें शेवटचें अक्षर टाकून दार लाविलें, कांचन फुलला’. विद्वान म्हणजे कोविद. त्याचा ‘द’ गेला, ‘दार’ लागलें. देवदाराला येथें शिरकावच नाहीं, आणि कोविदार जन्मांत न ऐकलेल्या माणसालाही तो घडवितां येतो. मग तो कोश उघडतो, आपण घडविलेला शब्द तेथें खरोखरच आहे असें पाहतो, आणि त्या क्षणापासून तो शब्द त्याच्या मालकीचा होतो. आणखी एक : ‘बहु माणसांत दडलेलें कोडें’, अक्षरें तीन. सूत्राचें पहिलें अक्षर झांका व पुढचीं तीन वाचा : हुमाण. हुमाण म्हणजे कोडें, उखाणा. आमच्या बाजूला तो कोणी बोलत नाहीं. गोव्याकडे त्याचें भावंड अजून तोंडीं आहे.

हा इंग्रजी थाट मराठीस पेलणार नाहीं, हा आक्षेप तर हास्यास्पद आहे. चौकटींचें कोडें १९१३ सालीं न्यूयॉर्कच्या पत्रांत अवतरलें हें खरें. पण श्लेष आणि कूट आम्हांला तेथून आणावे लागले काय? व्यासांनीं गणपतीची लेखणी थबकविण्यासाठीं भारतांत कूटश्लोक घातले ही कथा घरोघरीं ठाऊक आहे. मोरोपंतांनीं ओठांस ओठ न लागतां म्हणतां येईल असें निरोष्ठ रामायण रचलें. वाईच्या परिसरांत ज्यांची समाधि आहे त्या वामनपंडितांस यमकांच्या हौसेपायीं लोक ‘यमक्या वामन’ म्हणूं लागले. शिवाय आमच्या चौकटींत सुटें व्यंजन नसून पुरें अक्षर बसतें; त्यामुळें ‘नवजीवन’ उलटें वाचलें तरी नवजीवनच राहतें. सामग्री भरपूर आहे. वाण आहे ती कष्टांची.

आणि कष्ट म्हणजे काय तें इंग्रजांकडून शिकण्यांत कमीपणा नाहीं. ‘झिमेनीस’ ह्या टोपणनांवानें १९३९ पासून लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ पत्रांत कोडीं रचणारे मॅकनट हे पेशानें शाळामास्तर. त्यांचे शब्द असे विलक्षण असत कीं कोश जवळ घेतल्यावांचून गत्यंतर नसे. पण तो कोश कोणता, चेंबर्सचा, हें सोडविणाराला आधींच ठाऊक असे. आणि सूत्रांत नेमका अर्थ, प्रामाणिक घडण व त्यापलीकडे कांहीं नाहीं, हा दंडक त्यांच्याच नांवानें चालतो. १९६६ सालीं त्यांनीं ह्या कलेवर पुस्तकही लिहिलें. आमच्या पुरवण्यांनीं निदान प्रमाण कोशाचें नांव छापावें, प्रत्येक शब्दाला पुरेसे छेद द्यावे, आणि उत्तराबरोबर त्याची फोडही द्यावी. फोड देतां येत नसेल असें सूत्र छापूंच नये.

हुमाणाचें सूत्र आम्हीं भाचीस धाडलें. तिनें तें सोडविलें, कोशांत अर्थ ताडून पाहिला आणि उलट आपलें एक सूत्र पाठविलें : ‘नदी उलटली, उरला गरीब’, अक्षरें दोन. सांगलीकरास त्याचा वरचा अर्थ समजावून द्यावा लागत नाहीं. पुरवणीच्या संपादकांकडेही तिनें तेंच सूत्र, देवदाराविषयींच्या चार ओळींसह, पाठविलें आहे. अद्याप पोंच नाहीं.