फडावरून परतलेली मुले आणि शाळा

साखर कारखान्यांचे गाळप आटोपत आले, की बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या गावाकडे परतू लागतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर किंवा सीमेपलीकडच्या बेळगावकडे गेलेली बिऱ्हाडे मार्च-एप्रिलमध्ये आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी, केज, परळी या तालुक्यांतील वाड्या-तांड्यांवर येऊन विसावतात. त्यांच्याबरोबर मुलेही येतात. हजेरीपटावर महिनोन्महिने कोरी राहिलेली घरे पुन्हा भरू लागतात आणि शिक्षण खात्याला हायसे वाटते. परंतु नाव पटावर परतणे आणि मूल शाळेत परतणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या दोहोंमधील अंतर कोणी मोजत नाही, आणि ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न आज नेमका तेथेच अडलेला आहे.

परतलेल्या मुलांपैकी काही पहिल्याच दिवशी वर्गात जाऊन बसतात. काही मात्र जातच नाहीत. सकाळी शाळेची वेळ झाली की त्यांचे पोट दुखते, डोके दुखते. दहा वाजून गेले की दुखणे आपोआप थांबते. कोणी दप्तर घेऊन निघतो आणि ओढ्याकाठी दिवस काढतो. कोणी दुपारच्या खिचडीपुरता येतो आणि ताट धुऊन नाहीसा होतो. घरचे त्याला हट्टी ठरवतात, शिक्षक ‘अनियमित’ असा शेरा मारतात आणि शासनाच्या तक्त्यात त्याची गणना ‘शालाबाह्य’ म्हणून होते. या तिन्ही शब्दांत मूल कोठे नाही, एवढेच कळते. ते का येत नाही, हे त्यांतील एकही शब्द सांगत नाही.

वस्तुतः शाळेला नकार देणाऱ्या मुलांचा अभ्यास जगात बराच झाला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर कर्नी यांनी अशा नकारामागे चार प्रकारचे हेतू असतात, अशी मांडणी केली. शाळेत गेल्यावर वाटणारी भीती वा अस्वस्थता टाळणे, चारचौघांसमोर होणाऱ्या परीक्षेतून सुटका करून घेणे, आईवडिलांच्या जवळ राहणे, आणि शाळेबाहेर मिळणारे सुख वा लाभ पदरात पाडून घेणे, असे ते चार हेतू होत. जपानमध्ये वर्षात ३० दिवस वा त्याहून अधिक काळ शाळेत न येणाऱ्या मुलांची स्वतंत्र नोंद ठेवली जाते. २०२३ च्या शैक्षणिक वर्षात प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक शाळांतील अशा मुलांची संख्या ३ लाख ४६ हजारांवर गेली. त्या नोंदीतून आजारपण आणि आर्थिक अडचण या कारणांची अनुपस्थिती वगळलेली असते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. म्हणजे मुलाला येता येत नाही की त्याला यावेसे वाटत नाही, हा भेद तेथे करण्यात आला. आपल्याकडे तो करण्यात आलेला नाही. बीडसारख्या जिल्ह्यात गैरहजेरी म्हणजे दारिद्र्य असे समीकरण इतके पक्के झाले आहे, की गरिबाच्या मुलालाही मन असते आणि ते शाळेला भिऊ शकते, हा विचारच मागे पडतो.

कर्नी यांचे चारही हेतू बालाघाटाच्या कुशीतील गावांत सहज ओळखू येतात. पाचवीतील मुलगा ऑक्टोबरमध्ये गेला तेव्हा वर्ग भागाकाराशी आला होता. परतला तेव्हा वर्ग अपूर्णांक संपवून बसला आहे. गेल्या वर्षी त्याच्याबरोबर बसणारी मुले आता त्याला वाचायला लावून हसतात. त्याला गणिताची नव्हे, तर या हसण्याची धास्ती आहे. दुसऱ्याने पाच-सहा महिने आईला डोळ्यांआड होऊ दिलेले नाही. पहाटेच्या काळोखात फडात जाणारी आई, पाचटाने शाकारलेली कोपी, उसाच्या वाहनांची वर्दळ आणि सापकिरडांचे भय यांत त्याने हंगाम काढला. आई घरी थांबेल आणि आपण शाळेत जायचे, ही कल्पनाच त्याला असुरक्षित वाटते. तिसरा तेरा-चौदा वर्षांचा आहे. तो मोळ्या बांधू लागला, वाढे विकून चार पैसे आणू लागला, टोळीतल्या थोरांनी त्याला गडी म्हटले. त्याला पुन्हा बाकावर बसून ‘ढ’ म्हणवून घेणे कसे रुचावे? आणि मुलीची कथा तर निराळीच. ती कोपीवर स्वयंपाक करीत होती, धाकट्या भावंडाला सांभाळीत होती. अर्ध्या संसाराची जबाबदारी उचलून आलेल्या त्या मुलीला वर्गात मात्र सर्वांत मागे, सर्वांत कमी समजणारी म्हणून बसावे लागते.

अशा परिस्थितीत मुलाने शाळा नाकारली, असे म्हणणे अर्धसत्य आहे. शाळेत आपल्याला जागा नाही, हे त्याने ओळखलेले असते; नकार त्यानंतर येतो.

शासनाने या मुलांसाठी काहीच केले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. १९९० च्या दशकात तत्कालीन औरंगाबादच्या ‘जनार्थ’ संस्थेने कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवल्या आणि शाळा मुलांच्या मागे जाऊ शकते, हे दाखवून दिले. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आल्यानंतर भर गावातच मुले थांबवण्यावर आला. त्यासाठी हंगामी वसतिगृहे आहेत. स्थलांतरित मुलाला जेथे जाईल तेथे प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. २०२१ मध्ये राज्य सरकारने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. ४१ तालुक्यांत मुलामुलींसाठी स्वतंत्र अशी, प्रत्येकी १०० विद्यार्थ्यांची एकूण ८२ वसतिगृहे, असे तिचे स्वरूप आहे. या सर्व उपायांचा हेतू चांगलाच आहे. तथापि, मूल जाते कसे आणि थांबते कसे, एवढ्याच प्रश्नाला ते उत्तर देतात. मूल परतते कसे, हा प्रश्न एकाही योजनेने विचारलेला नाही.

मोजणीची तऱ्हाही याच समजुतीतून आलेली आहे. राज्यातील शालाबाह्य मुलांचे एकदिवसीय सर्वेक्षण २०१५ मध्ये झाले ते ४ जुलै रोजी. ऊसतोड मजूर जुलैत आपल्या गावीच असतात. त्या दिवशी बीडच्या वाडीवस्तीवर जे मूल पटावर सापडले, ते नोव्हेंबरात कोणत्या फडावर असेल आणि एप्रिलमध्ये वर्गात येईल की ओढ्याकाठी बसेल, हे त्या मोजणीतून कळणे शक्यच नव्हते.

त्यातच परीक्षेची भर पडली आहे. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीचा आधार घेऊन महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. तीत आणि पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद झाली. सरसकट वर ढकलल्याने मुलांचे नुकसान होते, या तक्रारीत तथ्य होते. परंतु वार्षिक परीक्षेचा काळ आणि टोळ्या परतण्याचा काळ जवळजवळ एकच. फडावरून आलेल्या मुलाचे शाळा पहिले स्वागत करते ते प्रश्नपत्रिकेने! ज्या मुलाला मुळातच परीक्षेची आणि हसे होण्याची धास्ती आहे, त्याने त्या दिवशी पोट धरून घरी बसावे, यात नवल ते कोणते?

शहरातील सुखवस्तू घरात एखाद्या मुलाने शाळा नाकारली तर पालक समुपदेशकाकडे जातात, शाळा बदलतात, प्रसंगी वर्ष वाया जाऊ देतात. बीडमध्ये नकाराची किंमत फार मोठी आहे. येथे शाळा सुटलेल्या मुलासाठी कोयता तयार असतो आणि मुलीसाठी स्थळ. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) वीस ते चोवीस वयोगटातील ज्या स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाले, त्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के होते. बीड जिल्ह्यात ते ४० टक्क्यांहून अधिक होते. वयात आलेल्या मुलीला गावी एकटी ठेवण्याची भीती, फडावर नेण्याची त्याहून अधिक भीती आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरण्याची पद्धत, हे सारे तिला एकाच दिशेने ढकलत असते. शाळा हाच त्यातला एक अडसर. मुलीनेच ‘मला जायचे नाही’ म्हटले, की तोही दूर होतो. पुढे काय वाढून ठेवले आहे, हे तिला त्या वेळी कोणी सांगत नाही.

मजुरी वाढल्याशिवाय आणि गावात पाणी व काम मिळाल्याशिवाय हे सर्व व्यर्थ आहे, असा एक आक्षेप घेतला जातो. तो वजनदार आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, ती संघर्षानंतरच. परंतु दारिद्र्य हटेपर्यंत मुलांनी थांबावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. कारण मुलांचे वय थांबत नाही. शिवाय मजुरी वाढली म्हणून वर्गातले हसणे बंद होत नाही. उलट बाजूने दंडाची वा सक्तीची भाषाही तितकीच निरुपयोगी आहे. मुलाला ओढून वर्गात बसवता येते, पण तेथे टिकवता येत नाही. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने २०१९ मध्ये, मुलाला शाळेत परत आणणे एवढेच उद्दिष्ट ठेवू नये, त्याने आपली वाट स्वतः शोधावी यासाठी साह्य करावे, असे कळवले. बीडमध्ये शाळेला दुसरा पर्याय नसल्याने ते जसेच्या तसे उचलता येणार नाही. पण त्यामागचा धीर मात्र घेण्यासारखा आहे.

करण्याजोग्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. परतलेल्या मुलाचे पहिले तीन आठवडे परीक्षेविना जावेत. पाचवी-आठवीच्या अशा मुलांची परीक्षा जूनमध्ये, तयारीनंतर घ्यावी. कायद्याच्या चौथ्या कलमात वयानुरूप वर्गातील मुलासाठी विशेष प्रशिक्षणाची तरतूद आहेच. ते मे महिन्यात गावातच, लहान गटांत द्यावे. प्रत्येक परतलेल्या मुलामागे एका शिक्षकाचे नाव लिहिलेले असावे, आणि पहिल्या गैरहजेरीच्याच दिवशी त्या गुरुजींनी वा बाईंनी घरी जावे. ज्याचे दुखणे मनाचे आहे, त्याला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत किंवा ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकापर्यंत पोचवण्याचे काम शाळेने आपले मानावे. थोरल्या मुलीला धाकट्याच्या जबाबदारीतून सोडवायचे तर गावात अंगणवाडीला आणि फडावर पाळणाघराला पर्याय नाही. आणि वसतिगृहाची हमी पालकांना मुकादमाकडून उचल घेण्यापूर्वी मिळाली पाहिजे. बिऱ्हाड ट्रकवर चढल्यानंतर उघडणाऱ्या वसतिगृहाचा उपयोग कागदापुरताच असतो. वसतिगृहातही केवळ दोन वेळचे जेवण पुरणार नाही. आईवडिलांशी नियमित बोलणे आणि रात्री जवळ असणारे मायेचे माणूस तेथे हवे. एरवी मूल शाळेला नाही तर वसतिगृहाला नकार देईल.

यांतील बहुतेक गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही, नवे महामंडळही लागत नाही. लागते ती एक साधी दृष्टी: जे मूल येत नाही ते आपल्याला काहीतरी सांगत आहे, असे मानण्याची. साखरेच्या उताऱ्याची आकडेवारी रोजच्या रोज ठेवणाऱ्या राज्याला, तो ऊस तोडणाऱ्यांची किती मुले हंगामानंतर वर्गात टिकून राहिली, याची नोंद वर्षातून एकदा, जुलैत नव्हे तर एप्रिलअखेर, ठेवणे अवघड जाऊ नये.