माहूरच्या घाटात पायी चालणाऱ्याला पिकअपमध्ये का बसवायचं?

मंडळी, जरा स्पष्टच लिहितो. कुणाला राग आला तर येऊ द्या, शेवटी आपण सगळे वारंगा फाट्यावरच चहाला भेटणार आहोत.

दत्त जयंतीच्या आधी फाट्यावरून माहूरला सायकली न्यायच्या ठरल्यात. ठरलं ते चांगलंच. पण परवा ग्रुपवर नियमांची यादी आली, त्यातला एक नियम वाचून डोकं फिरलं. माहूरच्या शेवटच्या चढावर जो सायकलवरून खाली उतरेल, त्याला सायकलीसकट मागच्या पिकअपमध्ये बसवायचं. आणि मेडल नाही. त्याखाली २०-२५ अंगठे. एकानेही विचारलं नाही की बाबांनो, हा नियम नेमका कुणासाठी केलाय?

मी सांगतो कुणासाठी. आपल्यात गिअरच्या सायकली किती आणि काळ्या घोड्या किती, मोजा. दूध घालायला रोज सायकलवर येणारा एक जण आहे. शाळेतून मिळालेल्या सायकलवर येणाऱ्या अकरावीच्या दोन पोरी आहेत. साठी ओलांडलेले एक गुरुजी आहेत, त्यांची सायकल माझ्यापेक्षा वयाने मोठी. घाटात उतरणार कोण, हे नियम लिहिणाऱ्याला आधीच माहीत होतं. नाव घेतलं नाही एवढंच.

"दम पाहिजे, दम," असं एकाने लिहिलंय. बरं, दमाचं गणित करू. माझ्या घरच्या जुन्या सायकलला पुढे ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. म्हणजे पायडल एकदा फिरलं की चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं आणि सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. आता डोंगरासाठीची गिअरवाली सायकल घ्या. सगळ्यात हलक्या गिअरला पुढे २२ दाते, मागे ३४. एका पायडलला सव्वा-दीड मीटर. तोच चढ, तेच वजन, पण काळ्या घोडीवाल्याला प्रत्येक पायडलला चौपट जोर लावायचाय. दोघांचा दम एकाच काट्यावर तोलणं याला न्याय म्हणत नाहीत.

पुढे ऐका. मिनिटाला ५० वेळा पायडल मारलं तर काळी घोडी ताशी १६ किलोमीटरने चढली पाहिजे. माहूरच्या चढावर ताशी १६? नियम लिहिणाऱ्यांनी एकदा करून दाखवावं, मी व्हिडिओ काढतो. वेग कमी केला तर पायडल इतकं जड होतं की सायकल डुलायला लागते आणि माणूस आडवा होतो. मागून एसटी येत असेल तर बघायलाच नको. गिअरवाला तेवढ्याच पायडलांत ताशी चारने चढतो. आणि सायकल हातात धरून पायी चढणारा किती वेगाने जातो? त्याच्याच आसपास! मग पिकअपमध्ये बसवून वेळ वाचतो कुणाचा? फक्त बसलेला आणि चाललेला असा भेद करायचा आहे, बाकी काही नाही.

ज्यांना सायकलिंगचा इतिहास काढून दाखवायची हौस आहे त्यांच्यासाठी एक. १९१० साली टूर द फ्रान्स पहिल्यांदा पिरेनीजच्या मोठ्या घाटांत नेली. ओक्ताव लापीझ नावाचा गडी चढावर उतरून सायकल ढकलत गेला आणि आयोजकांना खुनी म्हणून ओरडला. ती टूर त्यानेच जिंकली. आपल्या नियमाप्रमाणे त्याला पिकअपमध्ये कोंबला असता. त्या शर्यतीच्या आयोजकाला चालता चालता बदलायचे गिअर म्हणजे लबाडी वाटायची. १९३७ पर्यंत त्यांना परवानगीच नव्हती. आपल्याकडे उलटं झालंय, गिअर नसणं हाच गुन्हा.

आणि आपली तर शर्यतही नाही. ब्रेवे म्हणून लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या जगभर होतात, आपल्या राज्यातही होतात. तिथे २०० किलोमीटरला साडेतेरा तास देतात. त्या वेळेत चढवा, ढकला, झाडाखाली झोपा, कुणी विचारत नाही. नंबरही लावत नाहीत. अट वेळेची, पायाची नाही.

एवढं लांब कशाला जायचं? आषाढीला दिवे घाट लागला की माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. रथ दमला, आता त्याला वारीतून काढा, असं कुणी म्हणाल्याचं ऐकलंय? चढ आला की जोड वाढवायची ही आपली रीत. आपण मात्र चढ आला की माणसं कमी करायला निघालोय.

विरोधी बाजूचा एक मुद्दा मला पटतो, तो नाकारत नाही. पिकअप सगळ्यांच्या मागे राहते, एक जण फार मागे पडला की सगळं लांबतं आणि अंधार होतो. घाटात अंधार वाईटच. तर मग अंधाराची अट घाला ना! हदगाव, उमरखेड, महागाव करत पैनगंगा दोनदा ओलांडून जायचंय, शंभराच्या आसपास किलोमीटर पायात भरल्यावर हा चढ येतो. दुपारी चारपर्यंत जो पायथ्याला पोचणार नाही तो गाडीत, मग सायकल दोन हजारांची असो की दोन लाखांची. याला माझी पहिली सही.

खरा धोका चढात नाहीच, उतरताना आहे, आणि त्यावर यादीत एक ओळ नाही. जुन्या सायकलींचे ब्रेकचे रबर झिजून दगड झालेले असतात. स्टीलची रिम ओली झाली की ब्रेक लागतच नाही म्हटलं तरी चालेल. एका ब्रेकवर उतरणारे आपल्यात किमान चार जण मला दिसतात. निघायच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक सायकलचे दोन्ही ब्रेक तपासा, रबर बदला, चार पैसे त्यावर घाला. ज्याचा ब्रेक पक्का नाही त्याने उतारावर पायीच यायचं, हा नियम करा. त्यात कुणाचा अपमान नाही, जीव वाचतो.

आणखी एक खटकतं ते बोलून टाकतो. निघताना मोठा बॅनर लागणार, "सायकल चालवा, पर्यावरण वाचवा". हिरवा झेंडा दाखवायला साहेब येणार, गाडीतूनच येणार. आपल्यातले काही जण सायकल गाडीच्या टपावर बांधून फाट्यापर्यंत आणणार, कारण चौपदरी रस्त्यावर कडेने सायकल चालवायची भीती वाटते. भीती खरीच आहे, उलट्या बाजूने येणाऱ्या मोटारसायकली आपण रोज बघतो. पण ते दूधवाले त्याच कडेने रोज पहाटे येतात. ज्या पोरी त्याच रस्त्याने शाळेला जातात, त्यांना माहूरला आपण सांगणार की तुम्ही खऱ्या सायकलवाल्या नाहीत, बसा गाडीत? बॅनर उतरवा मग.

रविवारी सकाळी सात वाजता फाट्यावर बैठक आहे. तीन गोष्टी मांडणार आहे: पायी चढणाऱ्याला गाडीत घालायचा नियम रद्द, चार वाजताची अट सगळ्यांना सारखी, आणि ब्रेक तपासणी. हलक्या गिअरवाले चार जण चढावर सगळ्यात मागे राहायला तयार असतील तर कॉमेंटमध्ये नाव टाका. एक मी आहे. ज्यांच्या घरी ब्रेकचे रबर, वायर, १० नंबरचा पाना पडून असेल त्यांनी येताना आणा, गुरुजींच्या सायकलीपासून सुरुवात करू.